घाटकोपर ते ठाणे: मुंबईत नव्याने येणाऱ्याने वस्ती कशी पारखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब सांगलीहून कायमचे मुंबईला येणार आहे. यजमानांची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, बँकेतील आपली बदली ठाण्याच्या शाखेत, मुलगी सहावीत आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. खर्चाची मर्यादा दीड कोटी आहे. बोरिवलीचे नातेवाईक ‘बोरिवलीच घ्या’ म्हणतात, एजंट घोडबंदर रस्त्यावरचे ऐसपैस फ्लॅट दाखवतो, आणि कोणता परिसर आपल्याला चांगला हे काही कळत नाही. गृहकर्जाच्या प्रकरणांत बँकांसाठी घरांचे मूल्यांकन करणे हे माझे काम असल्यामुळे पूर्व उपनगरांतील पुष्कळ इमारतींचे जिने, गच्च्या, टाक्या आणि कागदपत्रे पाहण्यात आली आहेत. त्या आधारे लिहितो.

मुंबईत उपनगराच्या नावावरून घर ठरवू नये, हे माझे पहिले सांगणे. ‘मुलुंडला घर घेतले’ एवढ्याने काहीच समजत नाही. ते रुळांच्या कोणत्या बाजूला आहे, स्थानकापर्यंत चालत जाता येते की रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि जुलैत त्या गल्लीत पाणी कुठवर चढते, यावर घरातल्या प्रत्येकाचा दिवस कसा जाणार ते ठरते. फ्लॅटचा दर, इमारतीची उंची आणि आवारातले पोहण्याचे तळे हे सगळे त्यानंतरचे विषय आहेत.

तरीही कोणता पट्टा घ्यायचा हे आधी ठरवावेच लागते, आणि आपल्या बाबतीत ते फारसे अवघड नाही. घरातल्या दोन नोकऱ्या मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर, कुर्ला आणि ठाणे यांच्या दोन टोकांना आहेत. त्यामुळे घाटकोपर, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, मुलुंड आणि फार तर ठाणे स्थानकाजवळचा भाग एवढ्यातच शोध घ्यावा. बोरिवली राहण्यास उत्तमच आहे, परंतु ती पश्चिम रेल्वेवर. तेथून ठाण्याला जायचे तर दादरला किंवा अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येऊन गाडी बदलावी लागते, नाहीतर घोडबंदर मार्गे रस्त्याने जावे लागते, आणि यांतले काहीच रोज करण्यासारखे नाही. नातेवाईक जवळ असण्याचा आधार मोठा असतो हे मान्य करूनही मी हा पर्याय बाजूला ठेवीन.

या पट्ट्याचा आणखी एक फायदा नवख्याच्या लक्षात येत नाही. सकाळची गर्दी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेने जाते आणि संध्याकाळी परतते. घाटकोपर किंवा मुलुंडहून ठाण्याला जाणारी व्यक्ती या लोंढ्याच्या उलट दिशेने प्रवास करते, त्यामुळे आपल्याला डब्यात निदान धड उभे राहता येईल. यजमानांचा प्रवास मात्र लोंढ्याबरोबरचा आहे, आणि त्यांच्यासाठी स्थानकाची निवड जपून केली पाहिजे. जलद गाड्या प्रामुख्याने ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर येथे थांबतात; मुलुंड-भांडुपला काही निवडक थांबतात, आणि मधल्या स्थानकांवर बहुतांशी धीम्या लोकलवरच अवलंबून राहावे लागते. आपल्या बाबतीत धीमी लोकल हा तोटा नाही. कुर्ला जवळच आहे, आणि कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या जलद गाडीत ठाण्याला किंवा घाटकोपरला शिरण्यापेक्षा ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल मुलुंडला पकडणे केव्हाही सुसह्य.

वांद्रे-कुर्ला संकुलाला उपनगरी रेल्वेचे स्थानक नाही, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना आश्चर्याची वाटते. कुर्ल्याला पश्चिमेस उतरून बस किंवा शेअर रिक्षा घ्यावी लागते, आणि संध्याकाळी परतताना खरा वेळ त्या रांगेत जातो. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चे स्थानक संकुलात सुरू झाले आहे. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तेथे गाडी बदलून मेट्रो ३ ने संकुल, असा दुसरा रस्ता त्यामुळे उपलब्ध झाला. तो थोडा वळशाचा आणि खर्चिक आहे, परंतु रूळ पाण्याखाली जाऊन मध्य रेल्वे ठप्प होते त्या दिवशी आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्येही, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात तेव्हा, उपयोगी पडतो. घाटकोपरचा दर मुलुंडपेक्षा जास्त का, याचे अर्धे उत्तर या जोडणीत आहे.

आता रुळांच्या दोन बाजू. मुंबईत जवळजवळ प्रत्येक उपनगर रेल्वेने पूर्व आणि पश्चिम असे कापलेले आहे, आणि नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी शाळा रुळांपलीकडे असेल तर ती प्रत्यक्षात दूर असते. पादचारी पुलांना जिने असतात. सर्वत्र सरकते जिने किंवा लिफ्ट नसतात, आणि असल्या तरी त्या चालू असतीलच असे नाही. वाहनांसाठीचे पूल मोजकेच आहेत. विक्रोळीचा उड्डाणपूल २०२५ मध्ये खुला झाला. तोवर गाडीने पूर्वेहून पश्चिमेला जायचे तर घाटकोपरचा किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा वळसा घ्यावा लागत असे. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तो पूर्णपणे खुला व्हायला मे २०२५ उजाडला, आणि तेवढ्या काळात अंधेरीतील हजारो लोकांचे रोजचे वेळापत्रक बदलून गेले. संकुलाकडे जाण्याच्या वाटेवरचा शीवचा जुना रेल्वेपूलही २०२४ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आला. म्हणून शाळा, दवाखाना, भाजीबाजार आणि स्थानकाचे प्रवेशद्वार हे सर्व घराच्याच बाजूला असेल अशी गल्ली शोधावी. सासूबाईंच्या दृष्टीने मी ही अट सर्वांत वरची मानतो.

एजंट ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ म्हणतो तेव्हा ती मिनिटे रविवारी दुपारी स्कूटरवरून मोजलेली असतात. घर पाहायला बोलावतात तेही बहुधा रविवारीच, कारण त्या दिवशी लालबहादूर शास्त्री मार्ग मोकळा असतो आणि फेरीवालेही कमी. आपण कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला त्या इमारतीच्या दारातून निघून फलाटापर्यंत स्वतः चालत जा. पदपथ आहे का, तो दुकानांनी व्यापला आहे का, मध्ये नाल्यावरचा अरुंद पूल लागतो का, आणि फलाटाच्या कोणत्या टोकाला आपण उतरतो, हे सगळे त्या एका फेरीत कळते. संध्याकाळी सातनंतर हीच वाट उलट दिशेने करावी. परतताना रिक्षावाले त्या भागात यायला नाही म्हणतात की काय, तेही तेव्हाच समजते.

येऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर पैसे मोजू नयेत, हे मी फार आग्रहाने सांगतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मार्ग. त्याची पायाभरणी २००६ मध्ये झाली आणि पहिली गाडी जून २०१४ मध्ये धावली. आपल्या पट्ट्यातून जाणाऱ्या वडाळा-घाटकोपर-मुलुंड-कासारवडवली या मेट्रो ४ च्या खांबांच्या आधारे गेली कित्येक वर्षे फ्लॅट विकले जात आहेत, आणि तेवढीच वर्षे त्या खांबांखालचा रस्ता अडलेला आहे. जी गाडी आज धावते तिचाच हिशेब धरावा; पुढे दुसरी आली तर तो वरचा लाभ. घोडबंदर रस्त्याविषयी माझी मुख्य हरकत हीच आहे. तेथे त्याच पैशांत मोठे घर मिळते हे खरे, परंतु रेल्वे नाही, ठाणे स्थानक दूर आहे, गुजरातकडे जाणारी अवजड वाहने त्याच रस्त्यावरून जातात आणि कित्येक गृहसंकुलांची उन्हाळ्यातील भिस्त टँकरवर असते. यजमानांनी तेथून रोज संकुलात जायचे ठरवले तर घर फक्त झोपण्यापुरते उरेल.

पावसाचा विषय सविस्तर घेतला पाहिजे, कारण सांगलीकरांना पूर नवा नसला तरी मुंबईचे पाणी वेगळ्या जातीचे आहे. कृष्णेचा पूर चढताना दिसतो. आयर्विन पुलाजवळची पातळी ऐकून सामान वर हलवायला वेळ मिळतो. मुंबईत तासाभरात पडलेल्या पावसाला समुद्राकडे जायला वाट मिळाली नाही की रस्त्यावर पाणी साचते, आणि ओहोटी लागली की काही तासांत उतरते. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती; ती ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम अनेक वर्षांपासून टप्प्याटप्प्याने चालले आहे. त्यापेक्षा जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एका वेळी आली, तर सखल भाग बुडणारच. पाऊसही सर्वत्र सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. विहार-पवईच्या तलावांकडून निघालेली मिठी नदी कुर्ला आणि संकुलाला लागूनच माहीमच्या खाडीला मिळते, त्यामुळे कुर्ला पश्चिमेचा नदीकाठचा भाग दरवर्षी बातम्यांत असतो. कुर्ला-शीव आणि भांडुपजवळचे रूळही मोठ्या पावसात पाण्याखाली जातात.

इमारतीत पाणी येते का, हे विक्रेत्याला विचारून उपयोग नाही. इमारतीलाच विचारावे लागते. मी पाहणीला गेलो की आधी तळमजल्यावरील वीजमीटरच्या खोलीत डोकावतो. मीटरचे फळे भिंतीवर नेहमीपेक्षा वर चढवलेले असतील आणि खाली जुन्या भोकांच्या खुणा असतील, तर ते कोणी हौसेने केलेले नसते. लिफ्टच्या खड्ड्यात ओल किंवा गंज, आवाराच्या भिंतीवर एकाच उंचीवर आडवी गेलेली मळकट रेघ, तळमजल्याच्या दारांना नंतर बांधलेले विटांचे उंबरे, वाहनतळात कोपऱ्यात ठेवलेला पाणी उपसण्याचा पंप, ही सगळी त्याच पाण्याची साक्ष असते. शेजारच्या किराणा दुकानात सर्वांत खालचा फडताळाचा कप्पा रिकामा असेल तर कारण विचारा. दुकानदार खोटे बोलत नाही, कारण त्याला आपल्याला फ्लॅट विकायचा नसतो. रस्ता काँक्रीटचा करताना उंच झाला आणि जुन्या इमारतीचे आवार त्याच्या खाली राहिले, असेही अनेक गल्ल्यांत दिसते. तेथे पूर्वी कधी पाणी येत नसले तरी आता येऊ शकते.

डोंगराच्या बाजूची जोखीम वेगळी आहे. भांडुप पश्चिम आणि मुलुंड पश्चिम यांची वरची टोके संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांना भिडतात. हवा छान, खिडकीतून हिरवळ, आणि अधूनमधून बिबट्याही. विक्रोळी आणि घाटकोपरच्या पश्चिमेलाही उतारावर वस्ती आहे. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड व भिंत कोसळून माणसे दगावली. अधिकृत पक्की इमारत आणि उतारावरील झोपडी यांची तुलना करता येत नाही, हे खरे. तरी इमारतीच्या मागे कापलेला डोंगर आणि संरक्षक भिंत असेल तर त्या भिंतीतून पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का आणि ती फुगली आहे का, हे पावसाळ्यात पाहून घ्यावे.

वास आणि धूळ यांचे अंदाज दिवसा लागत नाहीत. कांजुरमार्गच्या कचराभूमीचा दर्प कन्नमवार नगर आणि टागोर नगरच्या भागात रात्री आणि पहाटे वाऱ्याबरोबर येतो. मुलुंड पूर्वेच्या कचराभूमीत कचरा टाकणे २०१८ मध्ये थांबले, त्यामुळे तेथील तक्रार पुष्कळ ओसरली आहे. चेंबूरचा विचार झाला तर माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि देवनारची कचराभूमी यांपासूनचे अंतर पाहावे. घरात वयस्कर व्यक्ती असल्याने रात्री अकरानंतर एकदा त्या गल्लीत उभे राहून श्वास घ्यावा, एवढे पुरे.

पाणीपुरवठा दिवसभर नसतो. महापालिका विभागवार ठरावीक वेळी पाणी सोडते आणि इमारतीच्या टाक्या भरल्या जातात. पाणी किती वाजता येते यापेक्षा टाकी पूर्ण भरते का, हे महत्त्वाचे. यासाठी सोसायटीच्या मागील दोन-तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबाची प्रत मागावी. जमाखर्चात टँकरवरील खर्च वेगळा दिसतो, आणि तो वाढत असेल तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्याच हिशेबात दुरुस्ती निधी आणि थकबाकीदारांची यादीही मिळते. विजेविषयी इतकेच की भांडुप-मुलुंड महावितरणकडे आणि उरलेली उपनगरे खासगी कंपन्यांकडे आहेत. यावरून घर निवडण्याची गरज नाही.

आपल्या मर्यादेत नवे, लिफ्ट असलेले, दोन बेडरूमचे घर पाहताना आपल्यासमोर पंतनगर, टागोर नगर, कन्नमवार नगर येथील म्हाडाच्या जुन्या वसाहतींतील पुनर्विकसित इमारती नक्की येतील. या वसाहतींतील जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, म्हणून त्या सासूबाईंमुळे बाद. ‘लवकरच पुनर्विकास होणार आणि जादा क्षेत्रफळ मिळणार’ या आश्वासनावर त्या घेऊ नयेत, कारण ते ‘लवकर’ कधी दहा वर्षांचे होते. पुनर्विकसित इमारतींत जमीन म्हाडाची असते. सोसायटीच्या नावे जमिनीचा भाडेपट्टा आणि इमारतीचा विक्री करार नोंदवलेला आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास वापरण्याची अधिकृत परवानगी, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते नसलेल्या इमारतीत कितीही स्वस्त मिळाले तरी जाऊ नये. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील पुनर्वसनाची घरे आणि त्याच योजनेतील विक्रीच्या इमारती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारच्या घरांवर ठरावीक वर्षे विक्रीचे बंधन असते, आणि मुखत्यारपत्रावर ‘व्यवहार करून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

वस्ती आज दिसते तशी पाच वर्षांनी राहणार नाही, ही बाब परिसर निवडताना बहुतेकजण विसरतात. अशा वसाहतीत एकेका इमारतीच्या जागी उंच बुरूज उभा राहतो. रस्ते आणि जलवाहिन्या मात्र त्याच असतात. तुमची इमारत पूर्ण झाली तरी शेजारच्या तिघांचे काम चालू राहते, आणि काँक्रीटचे मिक्सर, डंपर आणि धूळ तुमच्या दारातूनच जातात. यासाठी महापालिकेचा विकास आराखडा २०३४ पाहावा. तो संकेतस्थळावर उपलब्ध आहे. खिडकीसमोरचे मोकळे मैदान आराखड्यात मैदानच आहे की कशासाठी राखीव आहे, समोरच्या अरुंद रस्त्याची रुंदी वाढणार आहे का आणि त्यात आपल्या इमारतीची भिंत जाते का, हे तेथे कळते. कुर्ला आणि घाटकोपरच्या काही भागांत विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे आणि विमाने डोक्यावरून उतरतात. जुन्या इमारतीत गुंतवणूक करणाऱ्याला ही मर्यादा त्रासदायक; शांतपणे राहू इच्छिणाऱ्याला त्या आवाजाची सवय होते की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे.

शाळेच्या बाबतीत इतकेच सुचवीन की प्रवेशाची खात्री झाल्याशिवाय घराचे बयाणे देऊ नये. मुलुंड पूर्वेला मराठी वस्ती जुनी आहे, केळकर-वझे महाविद्यालय तेथेच आहे, आणि रुळांपलीकडे पश्चिमेला कालिदास नाट्यमंदिर. सासूबाईंना शेजारीपाजारी बोलायला माणसे मिळणे ही गोष्ट दर चौरस फुटात मोजता येत नाही, पण ती हिशेबात धरावी.

मुलुंड की ठाणे, असाही प्रश्न पुढे येईल. मुलुंड मुंबई महापालिकेत आहे, आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तेथे मालमत्ता कर माफ आहे. आपण पाहता ते घर कदाचित त्याच्या थोडे वर जाईल. वेशीवरचा टोल हलक्या वाहनांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्यामुळे गाडीने ये-जा करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक कमी झाला आहे. नौपाड्यासारखा ठाणे स्थानकाजवळचा भाग आपल्याला सोयीचा पडेल, पण यजमानांना सकाळी गर्दीतून आणखी लांबचा प्रवास करावा लागेल.

तेव्हा माझा सल्ला असा: घर विकत घेण्याआधी मुलुंड पूर्वेला, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लिफ्टच्या इमारतीत अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहा, आणि त्या काळात जून ते सप्टेंबर येईल असे पाहा. भाड्यात पैसे वाया जातात असे सांगलीतील मंडळी म्हणतील. परंतु चुकीच्या गल्लीतले घर विकून दुसरे घेताना मुंबईत केवळ मुद्रांक शुल्कच पुन्हा ६ टक्के भरावे लागते, आणि दलाली वेगळी. यजमानांना कुर्ल्याची रांग असह्य झाली तर घाटकोपर पूर्वेला थोडे लहान घर पाहावे. नाही झाली तर मुलुंडच पक्के करावे. कांजुरमार्ग आणि विक्रोळी पूर्व हे दोघांच्या मधोमध येतात, दरातही परवडतील, फक्त रात्रीच्या वाऱ्याची परीक्षा घेऊन मगच.

भाव ठरवताना एजंटच्या तोंडच्या आकड्यावर किंवा रेडी रेकनरवर विसंबू नये; रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आहे, बाजारभाव नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-शोध मोफत करता येतो. तेथे नगर भूमापन क्रमांक टाकून त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचे सरकारी गोषवारे, काढावेत. त्यांत क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असते, त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. ते कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्टअप (भिंती धरून) हे पाहूनच दर काढावा, आणि वाहनतळाची किंमत त्यात धरली आहे का तेही विचारून घ्यावे.